घरातली म्हातारी खोटे बोलत नाही



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दुखण्या-खुपण्याची पत्रे नेहमीच असतात. परंतु श्रीरामपूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले, ते आम्ही वेगळे काढून ठेवले. वहीची दोन पाने, अक्षर सुवाच्य, आणि शेवटी 'नाव छापू नये' असे दोनदा लिहिलेले. त्यांच्या सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. सकाळी भाकरी-कालवण खाऊन उठतात, हात धुतात आणि पाऊण तासाने शेजारच्या ओट्यावर जाऊन सांगतात, "दोन दिस झालं, सुनंनं तुकडा घातला न्हाई." शेजारीण दुसरीला सांगते, दुसरी नळावर सांगते. पुढे कानातली फुले हरवली. सुनेने चोरली म्हणून म्हातारीने गल्ली गोळा केली. फुले चार दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडली, पण तोवर व्हायचा तो बोभाटा झाला होता. शेवटी भावकी बसली. पुण्याला असलेल्या धाकट्या दिराने चारचौघांत विचारले, "वहिनी, आईला दोन घास घालायला तुम्हाला जड जातं का?"

त्या भगिनी लिहितात, की सासूबाई कधी खोटे बोलणाऱ्या नव्हत्या, गल्लीतले भांडण त्यांच्या शब्दावर मिटत असे. मग आता माझ्यावरच असा आळ का?

आम्ही त्यांना खासगी उत्तर धाडले आहे. पण नगर जिल्ह्यात (सरकारदप्तरी २०२४ पासून अहिल्यानगर) आणि बाहेरही अशी घरे कितीतरी असतील, आणि तिथल्या सुना पत्र लिहिणाऱ्या नसतील. म्हणून इथे मोकळेपणाने लिहितो.

ताई, सासूबाई खोटे बोलत नाहीत. खोटे बोलायला खरे काय ते आठवावे लागते. त्यांना सकाळची भाकरी आठवतच नाही. त्यांच्या लेखी ती भाकरी झालेलीच नाही. आपण जेवलो नाही असे त्यांना मनापासून वाटते, आणि उपाशी ठेवलेल्या माणसाने तक्रार करावी तशीच त्या करतात. फुलांचेही तेच. चोरीच्या भीतीने त्यांनीच ती डब्यात लपवली, लपवल्याचे विसरल्या, आणि मग घरात वावरणाऱ्या माणसावर संशय गेला. घरात दिवसभर वावरणारी कोण, तर सून.

या आजाराला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा तो अल्झायमर. आलॉइस अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात एक्कावन्न वर्षांची एक बाई तपासली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना, नवऱ्यावर ती नाही नाही तो संशय घेई. ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ साली डॉक्टरांच्या सभेत सांगितले, की मेंदूच्या पेशींत गाठी आणि पेशींच्या मधे पुटे साचली आहेत. म्हणजे जे घडत होते ते मेंदूत घडत होते, स्वभावात नव्हे.

आम्ही कारकून माणसे, आम्हाला कचेरीच्या भाषेतच नीट सांगता येते. कचेरीत एक आवक रजिस्टर असते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यात चढतो आणि मग रेकॉर्ड रूममध्ये जातो. आवक लिहिणारा माणूसच गैरहजर राहू लागला तर काय होईल? आज आलेला कागद कुठेच चढणार नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचे गठ्ठे जिथल्या तिथे राहतील. आपल्या मेंदूतही, साधारण कानाच्या पातळीवर आतल्या बाजूला, दोन्हीकडे असा आवक लिहिणारा भाग असतो. अल्झायमरमध्ये वाळवी बहुधा आधी तिथे लागते. म्हणून म्हातारीला सकाळचे जेवण आठवत नाही. पण १९७२ च्या दुष्काळात कुठल्या कामावर खडी फोडली, मिलोची लाल भाकरी घशाखाली कशी उतरत नव्हती, सुकडी कोण वाटायचे, हे ती काल घडल्यासारखे सांगते. ऐकणारा म्हणतो, "पन्नास वर्षांचं आठवतं आणि सकाळचं आठवत नाही? सोंग आहे सगळं." सोंग नाही. रेकॉर्ड रूम शाबूत आहे, आवक बंद पडली आहे. पुढे काही वर्षांनी वाळवी रेकॉर्ड रूमलाही लागते. मग लेकाला ती भाऊ समजते, स्वतःच्या घरात बसून "मला घरी न्या" म्हणते. ते घर म्हणजे बहुधा माहेर.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, म्हातारचळ. वर 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच आहे. ही म्हण आम्हाला मुळीच आवडत नाही. भारतात साठीपुढच्या लोकांची घरोघर जाऊन मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात माणसांना, नेमके सांगायचे तर ७.४ टक्के लोकांना, हा आजार असावा. देशभरात सुमारे ८८ लाख. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही ठिकाणावर असते. ज्या सातांची जाते ती आजाराने जाते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयाचे आहे. चष्मा हातात घेऊन हे काय आहे असे विचारणे वयाचे नाही.

त्याच पाहणीत असेही दिसले, की हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. हे वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. बाई, खेडे आणि निरक्षर, हे तर आमच्या आज्या-आयांचेच वर्णन झाले. सावित्रीबाई फुले यांनी मिस फरार यांच्याकडे नगरलाच अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्याच नगर जिल्ह्यात, त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी जन्मलेल्या आमच्या कितीतरी बायांना पाटी दिसली नाही. पाटी नाकारल्याचा हिशेब नोकरीत आणि जमिनीत चुकवावा लागला हे आपल्याला ठाऊक होते. तो म्हातारपणी मेंदूतही चुकवावा लागतो, हे नवे. लहानपणी शिक्षणाने मेंदूला जो व्यायाम आणि जी शिल्लक मिळते, ती पुढे आजाराला काही वर्षे थोपवून धरते असे शास्त्रज्ञ मानतात.

परंतु इथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा. दवाखान्यात स्मरणशक्ती तपासताना काय विचारतात? आज तारीख काय? शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. ही आकृती पाहून तशीच काढा. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नावली जगभर चालते. आता जिने उभ्या आयुष्यात पेन धरले नाही, जिचा महिना पगाराच्या तारखेने नव्हे तर अमावस्या-पौर्णिमेने आणि बाजाराच्या वाराने चालतो, ती चांगली ठणठणीत असली तरी या परीक्षेत नापास होणार. आणि उलटही होते. खरोखर आजारी असलेल्या बाईला नेले, तिला तारीख सांगता आली नाही, तर "आजी अडाणीच आहेत, त्यांना काय विचारता" म्हणून सोडून देतात. दोन्हीकडून नुकसान तिचेच.

ही अडचण डॉक्टरांच्याही ध्यानात आली. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर खेडुतांसाठी त्या प्रश्नावलीचे हिंदी रूप तयार झाले आणि १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहा याऐवजी तुमच्या घराविषयी काही सांगा असे विचारतात. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर घरच्या माणसाने आधीच सांगावे, "आई शाळेत गेलेली नाही, तिला त्या हिशेबाने विचारा." हे सांगायला लाजू नये.

न शिकलेल्या बाईची स्मरणशक्ती मुळातच कमी, असे कुणाला वाटत असेल तर त्याने जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले, पुढे १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगावच्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यात निरक्षर बाया होत्या, आपल्या वस्त्यांतल्या होत्या. कुठल्या पोराचे वजन घटले, कोणती बाई दिवसांत आहे, जुलाबाला साखर-मिठाचे पाणी कसे करायचे, हे त्या डोक्यात ठेवून काम करीत. लिहिता न येणारा माणूस कागदावर विसंबत नाही, म्हणून डोक्यात जास्त ठेवतो. त्यातले काही गळू लागले तर घरच्यांना कळायलाच हवे, फक्त कुठे पाहायचे ते माहीत पाहिजे.

तारीख विचारू नका. बाजारात पाहा. पन्नासची नोट देऊन बत्तीसची भाजी घेतली तर परत किती, हे जी बोटांवर झटक्यात सांगायची, ती आता नोटा पुढे करून "तूच घे रे काय ते" म्हणते का? चुलीवर पाहा. कालवणात मीठ दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही, असे होते का? चाळीस वर्षे भाकरी थापणारी बाई पीठ पुढ्यात घेऊन आता काय करायचे म्हणून बसून राहते का? नातेगोते पाहा. कोणाची लेक कुठे दिली, हे जिला सगळे गाव विचारायला यायचे, तिला आता स्वतःच्या नातवाचे नाव सापडत नाही का? पुरुषांत, ज्या गवंड्याचा ओळंबा कधी चुकला नाही तो भिंत वाकडी आणतो आणि ती वाकडी आहे हे त्याला दिसतही नाही. रोजच्या वाटेवरून परत येताना चुकणे ही तर ठळक खूण. तिची तुलना शेजारच्या शिकलेल्या आजीशी करू नका. ती पाच वर्षांपूर्वी कशी होती, तिच्याशीच करा. मागच्या जयंतीला मिरवणुकीत कोण कोण होते ते जी पुढे महिनाभर सांगत बसायची, ती यंदा दुसऱ्या दिवशी "जयंती कधी आहे?" विचारते, तर दवाखाना गाठावा.

हा आजार अडाणी माणसालाच होतो, असाही समज नको. जॉर्ज फर्नांडिस यांना आपल्या कामगार वाचकांतली जुनी मंडळी विसरलेली नाहीत. मुंबईतल्या कामगारांचे पुढारी, १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांना पाडणारे, १९७४ चा रेल्वे संप ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते. अनेक भाषांत सभा गाजवणारा तो माणूस शेवटची कितीतरी वर्षे अल्झायमरने अंथरुणाला खिळून होता. त्यांना कुणी भेटावे यावरून जवळच्या माणसांत कोर्टकचेरी झाली, आणि ती ज्यांच्यासाठी चालली होती त्यांना त्याची खबर नव्हती. २९ जानेवारी २०१९ रोजी ते गेले.

आता दवाखान्याचे. विसरभोळेपणा दिसला की लगेच अल्झायमरचा शिक्का मारून घरी बसवू नये, कारण काही विसर औषधाने बरा होतो. थायरॉइड कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडणे, मनातली उदासी, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, दारू, यांतूनही स्मरण जाते. म्हातारी मोरीत घसरून पडली, डोक्याला खोक पडली नाही म्हणून कुणी लक्ष दिले नाही, आणि महिन्याभराने बोलणे असंबद्ध झाले, तर आत रक्त साकळलेले असू शकते. ते शस्त्रक्रियेने काढता येते. कान गेलेल्या माणसालाही आपण चळला म्हणतो, त्याला नुसते ऐकू आलेले नसते. आणि कालपर्यंत बरा असलेला माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, साखर खाली-वर होणे असे काही असते, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. स्मृतिभ्रंश सावकाश येतो, महिने आणि वर्षे घेतो. एक प्रकार मात्र पायरी-पायरीने उतरतो. रक्तदाब आणि साखर सांभाळली नाही की मेंदूतल्या नसा तुंबतात, प्रत्येक लहान झटक्यासरशी माणूस एक पायरी खाली येतो.

तपासणीला नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, राहाता तालुक्यात लोणीला प्रवरेचे रुग्णालय आहे. मनोविकार तज्ज्ञांकडे किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे दाखवावे. 'मनोविकार' ही पाटी पाहून मागे फिरू नये. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या, आणि जो माणूस चोवीस तास घरात असतो त्याने बरोबर जावे. पुण्याहून सुटीला आलेला मुलगा एकटा घेऊन गेला तर डॉक्टरांना अर्धेच कळते. फोनवर विचारायचे असल्यास टेली-मानस १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे सरकारी क्रमांक आहेत, पैसे पडत नाहीत.

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. ज्या गोळ्या मिळतात त्या काहींना काही काळ थोडा आधार देतात. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ साली नवी इंजेक्शने मंजूर झाली, पण ती अगदी सुरुवातीच्या रोग्यांसाठी आहेत, अतिशय महाग आहेत आणि त्यांनी मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा बाजारात जो कुणी स्मरणशक्तीचे टॉनिक महिन्याला हजारात विकतो, त्याच्यापासून खिसा सांभाळावा. देवऋषी, अंगारा, उतारा यांविषयी या साप्ताहिकाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको. तरीही सांगतो, कारण दारी बाबासाहेबांची तसबीर आणि मागच्या दाराने म्हातारीच्या अंगावरून लिंबू, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

मग घरी करायचे काय? पहिली गोष्ट, वाद घालू नये. "आत्ताच नाही का जेवलात!" असे म्हटले की त्या चवताळतात, कारण त्यांच्या लेखी तुम्ही खोटे बोलता. त्यापेक्षा "भाकरी टाकतेच आहे, तोवर हे खा" म्हणून मूठभर मुरमुरे हातात द्यावे. थोडे थोडे चार वेळा द्यावे. खरकटे ताट लगेच न उचलता थोडा वेळ समोर राहू दिले तर कधी कधी तेवढ्यानेही भागते. फुले चोरली म्हटले की "मी नाही घेतली" न म्हणता "चला, दोघी मिळून शोधू" म्हणावे, आणि लपवण्याच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आपण लक्षात ठेवाव्या. दिवेलागणीला अशी माणसे जास्त बेचैन होतात, तेव्हा घरात उजेड करावा आणि हाताला काहीतरी काम द्यावे. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, गोधडीच्या चिंध्या निवडणे. काम वाकडेतिकडे झाले तरी बोलू नये.

पुस्तकांत लिहिलेले असते की दारांवर चिठ्ठ्या चिकटवा, 'संडास', 'स्वयंपाकघर'. आमच्या आजीला त्या चिठ्ठीचा काय उपयोग? संडासाच्या दाराला लाल कापड बांधावे, पाण्याच्या माठाशेजारी तांब्या कायम दिसेल असा ठेवावा. अंगवळणी पडलेल्या गोष्टी मेंदू फार उशिरा सोडतो. सुनेचे नाव विसरलेली बाई त्रिसरण-पंचशील सुरू केले की बरोबरीने म्हणते, जात्यावरची ओवी उचलते, भीमगीताचे कडवे पुरे करते. आंघोळीला तयार नसेल तर तिच्या आवडीचे गाणे म्हणत न्यावे. हे औषधाच्या चिठ्ठीवर नसते, पण चालते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ सालचा चित्रपट ज्यांना पाहायला मिळेल त्यांनी पाहावा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मरण गेलेल्या संस्कृत पंडिताचे काम केले आहे. तो हत्तीच्या मागे चालत हरवतो. त्याला सांभाळून घेते ती माहुताची गरीब बायको. तिला आजाराचे नाव ठाऊक नाही. समोर एक लेकरू आहे एवढे तिला कळते.

हरवण्याची भीती मात्र खरी आहे. आपल्याकडे विहिरी उघड्या आहेत, प्रवरेचे, मुळेचे कालवे वस्तीला लागून वाहतात, मनमाड रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक चालतात. पोलक्याच्या आत कापडाची पट्टी शिवून त्यावर मुलाचा मोबाइल नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहावा. गळ्यात चिठ्ठी बांधली तर त्या काढून टाकतात. दाराची कडी वर किंवा अगदी खाली बसवावी, पण माणूस आत एकटा कोंडून जाऊ नये. चूल पेटलेली, गॅसची शेगडी चालू, आणि एकटी म्हातारी, हे तर नकोच. नगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. ते काम मोठे आहे. पण ज्या बाईला घर आहे ती रस्त्यावर पोचताच कामा नये.

पैशाचा विषय आम्ही टाळणार नाही, कारण आमचा जन्म कागदांत गेला. आजाराच्या सुरुवातीलाच, म्हातारा-म्हातारीला व्यवहार कळतो आहे तोवर, बँकेत वारसाचे नाव लावून घ्यावे आणि मृत्युपत्र करायचे असल्यास करून घ्यावे. पुष्कळांना वाटते की कुलमुखत्यारपत्र घेतले की झाले. कायदा तसा नाही. ज्याने मुखत्यारपत्र दिले त्याचीच समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपते. समज गेलेल्या माणसाचा अंगठा उठवून केलेले खरेदीखत १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही, पण ते रद्द करून घ्यायला वर्षे जातात. थोरला घराच्या जागेवर अंगठा घेतो, धाकटा श्रावणबाळचे पंधराशे रुपये उचलतो, आणि भाकरी मात्र सुनेने घालायची! सांभाळाच्या अटीवर बक्षीसपत्र लिहून घेतले आणि सांभाळ केला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून मागता येते, दरमहा निर्वाहाची रक्कमही मागता येते.

आणि जी करते तिचे काय? घरी दुखणेकऱ्याचे हाल विचारायला येणारे करणारणीचे हाल विचारत नाहीत. रात्रीत चार वेळा उठणारी, दिवसभर तोच प्रश्न चाळीस वेळा ऐकणारी बाई कधीतरी ओरडणारच. तिच्यावर भावकी बसवण्याऐवजी भावकीने पाळ्या लावाव्या. पुण्याच्या दिराने महिन्यातले चार दिवस आईला नेऊन ठेवावे किंवा स्वतः येऊन राहावे. तेही जमत नसेल तर एका बाईच्या मजुरीचे पैसे दरमहा धाडावे. लेकींनी जबाबदारी घेतली तर जावयांनी तोंड वाकडे करू नये.

सर्वांत अवघड प्रश्न आमच्यापुढे आहे तो ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. कोयता नवरा-बायकोचा मिळून असतो. म्हातारीसाठी बायको मागे राहिली तर अर्धा कोयता मोडतो, आणि मुकादमाची उचल तर आधीच घेतलेली असते. बरोबर नेले तर फडावरची खोपी रोज नवी जागा वाटते, म्हातारीला घर सापडत नाही, शेजारी विहीर नाहीतर पाट. एकटी मागे ठेवली तर काय होते ते लिहायला नको. यावर सोपे उत्तर नाही. पण उचल घेण्यापूर्वी, श्रावणातच, सगळ्या भावंडांनी बसून कोण कोणत्या महिन्यात थांबणार हे ठरवता येते, आणि जो थांबेल त्याच्या बुडालेल्या मजुरीत इतरांनी वाटा उचलता येतो. थांबणारी दरवेळी धाकटी सूनच का, हेही त्याच बैठकीत विचारावे. वस्तीत मागे राहणाऱ्या एका घराला रेशन आणि ठरलेले पैसे देऊन जबाबदारी सोपवता येते. नुसते "लक्ष ठेवा" म्हटल्याने कुणी ठेवत नाही. आशाताईंना आजाराची कल्पना द्यावी, गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. आणि मुकादमाचा, फडावरच्या गावातल्या एखाद्या दुकानदाराचा आणि आपला असे तीन फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून त्या शेजारघरी भिंतीवर लावावे. चुलीच्या भिंतीला लावू नयेत, धुराने शाई जाते.